मालवणनंतर मोंटेरे: थंड पाण्यात डायव्हिंग शिकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदा डाइव्ह केली, ती फार आवडली. आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आहात, मोंटेरे सव्वा-दीड तासावर आहे. तिथे रीतसर शिकावं का, थंडी झेपेल का, केल्पमध्ये, म्हणजे समुद्रातल्या उंच शैवालाच्या जंगलात, पाय अडकतात हे खरं का, आणि शार्कचं काय? शिवाय पत्नीला पोहता उत्तम येतं, पण पाठीवर टाकी नको आहे. तिला स्नॉर्केलिंग जमेल का?

जरूर शिका, आणि मोंटेरेतच शिका. मी बरीच वर्षं या किनाऱ्यावर शिकवते आहे. इथे तयार झालेल्या माणसाला जगात दुसरीकडे पाण्याची भीती वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. पण मालवणची आठवण हाताशी धरून उतरू नका. तिकडे पाणी २७-२८ अंशांचं, अंगात पातळ सूट, आणि तुम्हाला तरंगतं ठेवणाऱ्या जॅकेटमधली हवा कमी-जास्त करायला इन्स्ट्रक्टर सतत शेजारी. इथे पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंश, अंगावर सात मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा सूट, कमरेला दहा किलोच्या आसपास शिसं, आणि सगळी बटणं तुमची तुम्हालाच दाबायची.

बहुतेक जण पहिली चूक करतात ती महिना निवडताना. कडक ऊन पडलं की पाणीही बरं असेल असं आपल्याला वाटतं. इथे उलटं आहे. वसंतात वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहू लागतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटलं जातं, आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणून एप्रिल ते जून हे इथले सगळ्यात थंड महिने, जानेवारीपेक्षाही थंड. या पाण्याबरोबर तळातली पोषकद्रव्यंही वर येतात, त्यावर प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं आणि पाणी हिरवं, गढूळ होतं; कधीकधी तीन मीटरवरचा जोडीदार दिसत नाही. अर्थात याच पोषकद्रव्यांवर इथलं सगळं जग पोसलेलं आहे, त्यामुळे त्या थंडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वारा पडतो, वरचं पाणी १४-१५ अंशांपर्यंत येतं आणि चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटर नितळ दिसतं. कोर्स तेव्हाच घ्या.

आता थंडी. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून १२ अंशांची हवा आणि १२ अंशांचं पाणी यांची तुलनाच होत नाही. पाण्यात शिरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप उथळ आणि जलद होतो. हा घाबरटपणा नाही, शरीराची ती प्रतिक्रियाच आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, मास्क घालण्याआधी चेहरा ओला करायचा, मान पाण्यात घालायची आणि श्वास संथ होईपर्यंत पुढे जायचं नाही. त्या दोन मिनिटांत घाई केली की पुढची सगळी डाइव्ह धापा टाकण्यात जाते आणि टाकी वीस मिनिटांत रिकामी होते.

ऊब टिकते ती सूटच्या मापावर, जाडीवर त्याच्या खालोखाल. सूट भाड्याने घेताना दुकानातच पूर्ण घालून बघा. दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा, मग कमरेच्या वरच्या खळग्यात, काखेत आणि मानेपाशी चाचपून पाहा. तिथे पोकळी असेल तर तिच्यात पाणी साठणार आणि प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत-बाहेर होत राहणार. सूट घालताना दमायला झालं पाहिजे, पण पूर्ण श्वास मात्र घेता आला पाहिजे. पायात आणि हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून मग बाही-पाय सरकवले की अर्धं कष्ट वाचतं. हूडची खालची झालर सूटच्या कॉलरच्या आत नीट दाबून बसवा. ती दुमडली तर मानेतून थेट पाठीवर धार जाते. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते घातल्यावर बकल लावता येत नाहीत. घरून थर्मासमध्ये कोमट पाणी आणा, चटका बसणार नाही इतपतच, आणि उतरण्याआधी ते मोज्यांत आणि सूटच्या मानेतून आत ओता. इथले जुने लोक हे करतात, कारण आत शिरणारं पहिलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापवावं लागत नाही.

पाण्याखाली असताना अधूनमधून अंगठा करंगळीला लावून बघा. बोटं आखडल्यामुळे तो टेकत नसेल तर जॅकेटचं बटण दाबणंही लवकरच अवघड होणार, म्हणजे निघायची वेळ झाली. हुडहुडी भरली तर डाइव्ह तिथेच संपली. टाकीत किती हवा शिल्लक आहे हा विषयच नाही. दोन डाइव्हच्या मध्ये ओला सूट घालून वाऱ्यात उभे राहू नका; वरचा भाग काढा, अंग कोरडं करा, लोकरीची टोपी घाला, आल्याचा चहा घ्या. दुसऱ्या डाइव्हला जी थंडी वाजते ती बहुतेक वेळा पार्किंगमधल्या वाऱ्याने आधीच अंगात भरलेली असते.

हा नाद लागलाच तर पुढे ड्रायसूट आहे, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट. इथले नियमित डायव्हर बरेचसे त्याच्याकडेच वळतात. मात्र त्यातली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो, म्हणून त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो घालू नये. पहिल्या कोर्सला सात मिलिमीटर पुरे.

वजनाबद्दल जरा थांबून सांगते, कारण थंड पाण्यात नवखे सगळ्यात जास्त इथेच दमतात. निओप्रीनमध्ये बारीक बुडबुडे असतात; ते ऊबही देतात आणि तरंगवतातही. त्या तरंगण्याला उत्तर म्हणून शिसं लागतं. पण दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्या बुडबुड्यांचं आकारमान जवळजवळ निम्मं होतं, सूट पातळ पडतो, ऊब कमी होते आणि तुम्ही जड होता. मग जॅकेटमध्ये हवा भरावी लागते, आणि वर येताना तीच हवा फुगते. वजन गरजेपेक्षा चार किलो जास्त असेल तर हा खेळ दुप्पट अवघड होतो. नवखा माणूस पाय खाली सोडून उभा पोहतो, वाळू उडवतो, भराभर हवा संपवतो आणि स्वतःला दोष देतो. दोष शिशाचा असतो.

मोजायची पद्धत अशी: डाइव्हच्या शेवटी, टाकीत ५० बारपेक्षा (बार हे दाबाचं एकक) थोडी कमी हवा असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून पाच मीटरवर श्वास घेत स्थिर राहता आलं पाहिजे. टाकी भरलेली असताना वजन मोजलं तर फसगत होते, कारण नेहमीच्या ऐंशी घनफुटी ॲल्युमिनियम टाकीतल्या हवेचंच वजन सुमारे २.७ किलो असतं. ती वापरली गेली की तुम्ही तेवढे हलके होता. इन्स्ट्रक्टरने पहिल्या दिवशी दोन किलो जास्त दिले तर घ्या, पण शेवटच्या डाइव्हपर्यंत ते कमी करून मागा. तलावातल्या सरावाचा आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात जास्तच लागतं.

केल्पमध्ये पाय अडकतात, हे खरं आहे. पण माणूस त्यात खिळून राहतो तो ओढाताण केल्यामुळे. इथलं मुख्य केल्प म्हणजे मॅक्रोसिस्टिस, खडकाला धरून उगवणारं आणि अनुकूल दिवसांत रोज अर्ध्या मीटरहून जास्त वाढू शकणारं. पृष्ठभागावर पोचल्यावर ते आडवं पसरतं आणि छत तयार होतं. त्या छताखाली उन्हाच्या तिरिपा येतात, निळे रॉकफिश थव्याने जागच्या जागी थांबलेले असतात. तिथे पोहण्यासारखं सुख मला दुसरीकडे मिळालेलं नाही. केल्प ओढलं तर दोरखंडाइतकं चिवट, पण अंगठ्याच्या नखापाशी काटकोनात वाकवलं की शेवग्याची शेंग मोडावी तसं कट्कन तुटतं. अडकलात तर थांबा. गोल फिरू नका, फिरलात तर ते टाकीच्या व्हॉल्व्हभोवती गुंडाळतं. मागे हात नेऊन मोडा किंवा जोडीदाराला खूण करा. चाकू क्वचित लागतो; ठेवायचा तर पोटाशी किंवा हातावर ठेवा, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बांधलेल्या चाकूच्या मुठीतच केल्प अडकतं. फिन्सच्या (पायातल्या वल्ह्यांच्या) पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत वळवून टेप लावा. लोंबणारा हवेच्या दाबाचा गेज, लोंबणारी शिट्टी, सगळं अंगासरशी आवळा.

खरी काळजी घ्यायची ती वर येताना. हवा संपत आल्यावर छताच्या मधोमध वर आलात तर परतीची वाट केल्पवरूनच काढावी लागते. एक हात पुढे टाकून केल्प खाली दाबायचं आणि त्यावरून पोटाने सरकायचं, पाय शक्यतो न मारता. जमतं, पण दमवतं. म्हणून इतकी हवा राखून ठेवायची की पाण्याखालूनच केल्पच्या बाहेर पडता यावं. वर येताना मान वर करून उजेडाची मोकळी जागा शोधायची आणि एक हात डोक्यावर धरून तिथूनच निघायचं.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट लाट. मोंटेरेत जीव जातात ते बहुधा खोलवर नाही, पृष्ठभागावर आणि किनाऱ्यालगत. प्रशांत महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि त्याची लाट इथे दोन-तीन दिवसांनी निवांत ऊन पडलेलं असताना पोचते. अंदाज बघताना फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघा. आठ सेकंदांची एक मीटरची लाट म्हणजे बहुतेक वाऱ्याचा खळखळाट. सोळा सेकंदांची दोन मीटरची लाट दूरून आलेली, तिच्यात प्रचंड पाणी असतं. ती उथळात येऊन उंच उठते आणि बारा-पंधरा मीटर खोलीवरही तुम्हाला मागे-पुढे हलवते. लाटेची दिशाही बघा: मोंटेरेच्या आतल्या बाजूचे किनारे दक्षिणेकडच्या लाटांपासून द्वीपकल्पाच्या आडोशाला आहेत, उत्तर-वायव्येची लाट मात्र आत शिरते.

किनाऱ्यावर पोचल्यावर सूट घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं समुद्राकडे बघा. मोठ्या लाटा गटाने येतात. दोन गटांच्या मधल्या शांततेत पोचलेल्याला वाटतं, समुद्र निवळलेला आहे. मी विद्यार्थ्यांना आधी विचारते: कुठून उतरणार, कुठून बाहेर येणार, आणि ती जागा बंद झाली तर दुसरी कुठली? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर त्या दिवशी पाण्यात जात नाही. दीड तास गाडी चालवून आल्यावर परत जाणं जड जातं, हे मला माहीत आहे. त्यासाठीच मोंटेरेला येताना सोबत दुसरा काही बेत ठेवा. १९८४ पासून चालू असलेलं मोंटेरे बे ॲक्वेरियम जवळच आहे आणि तिथल्या केल्पच्या उंच टाकीसमोर तासभर सहज जातो. पर्याय हाताशी असला की नाही म्हणणं सोपं होतं.

जागांचं म्हणाल तर कोर्स बहुधा सॅन कार्लोस बीचवर, म्हणजे सगळे ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात तिथे होईल. वाळूचा सौम्य उतार, शेजारी दगडी बांध, बांधावर सी लायनचा अखंड ओरडा. उतरायला सोपी जागा म्हणून अनुभवी लोक तिला कमी लेखतात, ते मला पटत नाही. बांधालगत आठ-दहा मीटरवर हळूहळू फिरा. दगडांच्या फटीत बोटाएवढे न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, सापडतात. पांढऱ्या अंगावर निळसर रेघ आणि नारिंगी पिसारा असलेली हर्मिसेंडा तिथे नेहमी दिसते. सजावटी खेकडे पाठीवर शैवालाचे तुकडे लावून बसलेले असतात, हलल्याशिवाय ओळखू येत नाहीत. वाळूवरून जुन्या पाइपाच्या कडेने बाहेर गेलं की मेट्रिडियम लागतात, हातभर उंचीचे पांढरे समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी), खडकांवर दाटीने उभे. पहिल्या कोर्सनंतर नकाशावरची दिशा पकडून तिथवर जाऊन येणं हा चांगला सराव आहे.

पॉइंट लोबोस त्याहून सुंदर, पण पाण्यात उतरायला आधी आरक्षण लागतं आणि जोडीनेच जावं लागतं. १९६० मध्ये तिथला समुद्र राखीव केला गेला आणि त्याचा परिणाम माशांच्या आकारात दिसतो. तिथले लिंगकॉड बघून विद्यार्थी दचकतात. शिकून झाल्यावर शांत दिवशी तिथल्या व्हेलर्स कोव्हमध्ये जा. त्याच रस्त्यावरच्या मोनास्टेरी बीचवर मात्र नवीन असताना अजिबात उतरू नका. दिसायला मोहक आहे, पण जाड वाळूचा किनारा एकदम खाली जातो, कार्मेल कॅन्यन ही समुद्राखालची खोल दरी अगदी जवळ आहे, आणि लाट थेट पायाशी फुटते. पायाखालची वाळू सरकते आणि टाकीसकट पडलेल्या माणसाला उठता येत नाही. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत.

पत्नीला स्नॉर्केलिंग नक्की जमेल, आणि केल्पचं जंगल बघायला टाकी लागतच नाही. त्यांनाही पूर्ण सूट, हूड, मोजे हवेतच. पृष्ठभागावर तरंगणारा माणूस फारसा हालत नाही, म्हणून तोही गारठतो. जाड सूट स्वतःच तरंगवतो, त्यामुळे नुसतं वरून बघायचं असेल तर वजन नको. बुडी मारायची असेल तर थोडं शिसं लागेल, आणि तेव्हा एक नियम कडक पाळा: बुडीआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्याने श्वास घेण्याची ऊर्मी दबते आणि वर येताना शुद्ध हरपू शकते. बुड्या मारताना एक जण खाली, एक जण वर, वरच्याची नजर खालच्यावर. पहिल्यांदा शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या लव्हर्स पॉइंटच्या आडोशाच्या बाजूला सकाळी लवकर जा, वारा सुटायच्या आत. केल्पच्या आत न शिरता त्याच्या कडेने पोहायचं.

या लव्हर्स पॉइंटच्या राखीव क्षेत्राला ज्युलिया प्लॅट यांचं नाव आहे. त्या प्राणिशास्त्रज्ञ होत्या, १९३१ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या महापौर झाल्या आणि सार्डिनच्या कारखान्यांच्या घाणीने किनारा मरत असताना त्यांनी गावासमोरचा समुद्र राखून ठेवायची तजवीज केली. फरच्या व्यापारात समुद्री ऑटर (पाणमांजरं) जवळजवळ संपले होते. १९३८ मध्ये बिग सरच्या किनाऱ्याजवळ जेमतेम पन्नासेक सापडले. पुढे काही दशकांनी ते इथे परतले तेव्हा त्यांना जगायला किनारा शिल्लक होता. केल्प अंगाभोवती गुंडाळून झोपलेला ऑटर दिसला तर त्याच्याकडे पोहत जाऊ नका, लांबूनच वळसा घाला. हार्बर सील मात्र स्वतःहून येऊन फिन्स चावतात. हात लावू नका, तेवढं पुरे.

शार्कबद्दल सरळ सांगते. या उपसागरात ग्रेट व्हाइट आहेत. २०२२ च्या जूनमध्ये लव्हर्स पॉइंटजवळ एका पोहणाऱ्याला शार्कने गंभीर जखमी केलं, तो वाचला. पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या पाहता असे प्रसंग फार विरळ आहेत, पण शून्य धोका असं मी कुणाला सांगत नाही. पृष्ठभागावर जास्त वेळ रेंगाळू नका आणि सील अचानक गायब झाले किंवा मासे मरून वास सुटला असेल तर उतरू नका. माझी झोप मात्र लाटेने उडते, शार्कने नाही.

एक गोष्ट तुम्ही जुने फोटो बघून याल म्हणून सांगते. २०१३ पासून समुद्री ताऱ्यांमध्ये झिजून मरण्याचा रोग पसरला आणि सूर्यफुली तारा इथून नाहीसा झाला. २०२५ मध्ये त्यामागे व्हिब्रिओ जातीचा एक जीवाणू असल्याचं संशोधकांनी दाखवलं. तो तारा जांभळ्या सी अर्चिनला, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याला, खायचा. तो गेल्यावर अर्चिन माजले आणि त्यांनी कित्येक ठिकाणचं केल्प मुळापासून खाल्लं. ऑटर आहेत तिथे जंगलाचे पट्टे टिकले, पण ऑटर उपाशी, पोकळ अर्चिन खात नाहीत, त्यामुळे उजाड झालेले खडक उजाडच राहतात. तुम्हाला एका डाइव्हमध्ये दाट जंगल आणि काही मीटरवर जांभळ्या काट्यांनी भरलेला ओसाड खडक दोन्ही दिसेल. ते बघून वाईट वाटतं, आणि वाटावंच.

कोर्सचं व्यवहारी: मालवणच्या डाइव्हने प्रमाणपत्र मिळालेलं नाही, तेव्हा सुरुवात ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सपासून. थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. सॅन होजेच्या आसपासची दुकानं तलाव तिकडे आणि समुद्र मोंटेरेत असं दोन वीकेंडमध्ये करतात. प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं. नाव घालण्याआधी एका इन्स्ट्रक्टरमागे समुद्रात किती विद्यार्थी असतात ते विचारा. चारपेक्षा जास्त असतील तर मी दुसरीकडे जाईन. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर वैद्यकीय फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरची सही आणा. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरतं. नाकाखालची रेघभर पट्टी तासली की थांबतं. आणि भारताच्या विमानाचं तिकीट कोर्सच्या लगेच दुसऱ्या दिवशी सकाळचं काढू नका, शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या.